मधली सुट्टी कुणी खाल्ली?

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. परीक्षा, पेपर तपासणी, मग घरातलं एक लग्न, असं करत करत इथं धूळ साचली. आज मात्र लिहिल्याशिवाय झोप येणार नाही, कारण डोकं तापलंय.

त्याचं असं झालं, की गेल्या गुरुवारी आमच्या कॉलेजात 'प्राध्यापकांचं आरोग्य आणि स्वतःची काळजी' या विषयावर कार्यशाळा झाली. वेळ दुपारी पाऊण ते सव्वादोन. हो, बरोबर वाचलंत. कसं जेवावं याची कार्यशाळा, ऐन जेवायच्या वेळेत! हजेरी सक्तीची, कारण अहवालात सहभागींची संख्या दाखवायची असते. माझा डबा स्टाफरूमच्या कपाटात, मी सेमिनार हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत, आणि समोर पडद्यावर एका परदेशी बाईचा फोटो, जी काचेच्या भांड्यातून हिरवा पाला खात खात खिडकीबाहेर बघून हसतेय.

वक्ते चांगले होते, माणूस म्हणून माझा त्यांच्यावर राग नाही. त्यांनी आमच्या प्रत्येकाच्या हातावर एकेक बेदाणा ठेवला. म्हणाले, याच्याकडे नीट बघा. याच्या सुरकुत्या बघा. वास घ्या. आता जिभेवर ठेवा, चावू नका. आता एकदाच चावा. पाच मिनिटं हे चाललं होतं. मंडळी, मी सांगली जिल्ह्यात राहते. इथं शेडवर बेदाणा वाळताना बघत माणसं लहानाची मोठी होतात. आम्हाला बेदाणा कसा खायचा हे शिकवायला बाहेरून माणूस आणला, आणि तोही एकच बेदाणा, पावणेदोन वाजता, रिकाम्या पोटी! माझ्या शेजारी बसलेल्या मराठीच्या मॅडम हळूच म्हणाल्या, "अजून एक मिळेल का विचार ना."

शेवटी मोबाईलवर अभिप्रायाचा फॉर्म भरून घेतला. मग अक्षांश-रेखांश छापलेला फोटो. तसा फोटो नसेल तर कार्यक्रम झालाच नाही असं हल्ली धरतात. सव्वादोनला बाहेर पडले तेव्हा माझी प्रॅक्टिकलची बॅच दारात उभी. साडेपाचला डबा उघडला तर मटकीची उसळ आंबलेली. मे महिना, पत्र्याचं कपाट, दुसरं काय होणार.

त्या आंबलेल्या उसळीवरून हे सगळं लिहितेय.

माझं म्हणणं अगदी साधं आहे. प्राध्यापकांनी दुपारी काय खावं हा प्रश्न सुटलेला आहे. तो आपल्या आज्यांनी सोडवून ठेवलाय. कधी खावं हा प्रश्न सुटलेला नाही, आणि तो स्वयंपाकघरात सुटणारही नाही, कारण तो टाइमटेबलाचा प्रश्न आहे. टाइमटेबल बनवणाऱ्यांनी स्वतःची चूक झाकायला आपल्याला बेदाणे वाटावेत आणि आपण ते डोळे मिटून चघळावेत, हे मला मान्य नाही.

आधी काय खावं ते उरकून टाकते, कारण त्यात फारसं काही नाही. सकाळी सहाला भरलेला आणि दुपारी एकनंतर उघडला जाणारा डबा हा जेवणाचा एक वेगळाच प्रकार आहे. त्याचे नियम ताटातल्या जेवणापेक्षा निराळे. दही नेलं की दुपारपर्यंत ते तोंड वाकडं करायला लावतं. पातळ आमटी नेली की ती उत्तरपत्रिकांवर सांडते (एकदा झालंय. एका मुलाच्या पेपरला हळदीचा डाग पडला आणि मला मॉडरेटरला खुलासा द्यावा लागला). भाकरी गरम असतानाच डब्यात कोंबली तर पाणी सुटून चिकट होते, उघडी ठेवली तर कडक. ती फडक्यात गुंडाळूनच न्यायची. थालीपीठ टिकतं. दशमी तर टिकण्यासाठीच जन्माला आलीय, दुधात भिजवलेल्या पिठाची, पूर्वी प्रवासाला न्यायचे ती. कोरडी उसळ, शेंगदाण्याची चटणी, एक कांदा, एक काकडी न चिरता. ओला मसाला आणि ओलं खोबरं उन्हाळ्यात टाळायचं. पिशवीच्या कोपऱ्यात फुटाणे नाहीतर गूळ-शेंगदाणे, अडीअडचणीला. झालं. याच्यात कुठं ओट्स, कुठं परदेशी पाला आणि कुठं भिजवलेल्या बिया? २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून जगभर साजरं झालं, आपल्याच देशाच्या प्रस्तावावरून. आमच्याकडेही प्रदर्शन झालं होतं. ज्वारीचे केक, नाचणीची बिस्किटं, फलक, रांगोळी. त्या दिवशी दुपारी आम्ही सगळ्या बायका स्टॉलवर उभ्या होतो आणि आमच्या डब्यातली ज्वारीची भाकरी संध्याकाळी तशीच घरी गेली. पाहुण्यांना दाखवायला ज्वारी, खायला वेळ नाही.

आता मुख्य मुद्दा. ही मधली सुट्टी गेली कुठं?

माझी आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. (आई, तू हे वाचशील तेव्हा चष्मा लाव आणि पूर्ण वाच, अर्ध्यातून फोन करू नकोस.) तिच्या शाळेत मधल्या सुट्टीची घंटा व्हायची, आणि ती घंटा म्हणजे कायदा होता. शिपाई मामांनी लोखंडी पट्टीवर टोला दिला की हेडमास्तरही हातातलं पेन ठेवायचे. ऑफिसात सतरंजी पसरायची, सगळे डबे मध्ये. आईला त्या शाळेतल्या प्रत्येक बाईच्या घरच्या आमटीची चव अजून सांगता येते. पगार बेताचा होता, पण अर्धा तास पुरा होता. पुढे १९९५ पासून केंद्राची पोषण आहाराची योजना आली आणि प्राथमिक शाळेतल्या पोरांसाठीही दुपारचं खाणं ही सरकारी जबाबदारी ठरली, आणि ते उत्तमच झालं. म्हणजे शाळेत दुपारी पोरांनी खायचं असतं हे सरकारला समजतं. तीच पोरं अठरा वर्षांची होऊन माझ्या वर्गात येतात तेव्हा त्यांनाही दुपारची सुट्टी नसते आणि मलाही नसते.

कॉलेजात पूर्वी होती. एक ते दीड. कुणी मोठा दुष्ट निर्णय घेऊन ती काढली असं नाही, म्हणून तर ती गेली हे कुणाच्या लक्षात आलं नाही. २०२४-२५ पासून आमच्यासारख्या संलग्न कॉलेजांत पदवीला नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. त्यात मुख्य विषयाशिवाय कौशल्याचे, मूल्यांचे, भारतीय ज्ञानपरंपरेचे असे कितीतरी छोटे छोटे विषय आले आणि 'ओपन इलेक्टिव्ह' आला. म्हणजे विज्ञानाच्या पोराने वाणिज्यातलं काहीतरी घ्यायचं, कलेच्या पोरीने विज्ञानातलं. कल्पना छान आहे, मला स्वतःला कला शाखेच्या मुलींना स्वयंपाकघरातलं रसायनशास्त्र शिकवायला फार मजा येते. पण त्यासाठी तिन्ही शाखांची पोरं एकाच वेळी मोकळी हवीत. सकाळी वाणिज्यचे तास, दुपारी विज्ञानाची प्रॅक्टिकल्स, कलेचे मध्येच. सगळ्यांना समान मोकळी अशी वेळ अख्ख्या दिवसात एकच सापडली. कुठली ते ओळखा.

टाइमटेबल समितीतले सर म्हणाले, "मॅडम, दुसरा स्लॉटच नाही." खरंच नव्हता. मी स्वतः तो तक्ता घेऊन दोन संध्याकाळी बसले. खोल्या कमी, माणसं कमी, विषय जास्त. जिथं माणूस कमी पडतो तिथं त्याचं जेवण भरतात. हे धोरण लिहिणाऱ्यानं ठरवलेलं नाही आणि आमच्या प्राचार्यांनीही ठरवलेलं नाही. पण खड्डा आमच्या पोटात पडला, आणि तो बुजवायला नवीन पदं भरण्याऐवजी कार्यशाळा आली.

आता काका विचारणार (मागच्या दिवाळीत विचारलंच होतं), की तुम्हाला आठवड्याला सोळा तास, वर सातवा वेतन आयोग, तुम्ही रडता कशाला? काका, तुमचा मान ठेवून सांगते. २०१८ च्या यूजीसीच्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवणं लिहिलंय हे खरं. पण त्याच नियमावलीत एकूण काम ४० तासांपेक्षा कमी नसावं असंही लिहिलंय, आणि रोज किमान पाच तास कॉलेजात हजर राहावं असंही. ते पाच तास सलग की मध्ये तोंडात घास घालून, याबद्दल मात्र मला त्यात एक ओळ सापडली नाही. सोळा तासांच्या पलीकडचं काम कुणाला दिसत नाही, म्हणून एकच हिशेब मांडते. एक उत्तरपत्रिका नीट वाचायला मला दहा मिनिटं लागतात. दिवसाला चाळीस तपासल्या तर चारशे मिनिटं, म्हणजे सहा तास चाळीस मिनिटं. कॅप सेंटरवर दुपारी आपण जेवायला उठलो की गठ्ठा तसाच राहतो, आणि शेजारचे सर दोन बंच पुढे गेलेले असतात. मग काय होतं, माणूस डावीकडे डबा आणि उजवीकडे लाल पेन घेऊन बसतो. कुणाच्या तरी पोराचे तीन मार्क माझ्या चटणीभाकरीच्या घासात जातात. हे मी केलंय. लाज वाटते, पण केलंय.

पगाराचं म्हणाल तर तो चांगला आहे. कायम असलेल्या माणसाचा. त्यावर पुढे येतेच.

कामाच्या मध्ये अर्धा तास जेवायला मिळावा ही मागणी कुणी केली होती, आठवतंय? शाळेच्या पुस्तकात एखादी ओळ असेल तर असेल. नारायण मेघाजी लोखंडे. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचं निवेदन सरकारच्या आयोगाला दिलं. मागण्या काय होत्या? रविवारी सुट्टी, कामाला ठराविक वेळ, पगार वेळेवर, आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. रविवारची सुट्टी १० जून १८९० ला मिळाली, ती सगळ्यांना पाठ असते कारण रविवार आपल्यालाही मिळतो. दुपारचा अर्धा तास १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात आला, तो मात्र कुणाच्या लक्षात नाही. स्वतंत्र भारतातल्या १९४८ च्या कारखाना कायद्यानंही तेच लिहिलं, की सलग पाच तासांहून जास्त काम नको, मध्ये निदान अर्धा तास विसावा द्या. गिरणीतला माणूस, ज्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, तो सही-अंगठा करून हे मागू शकला. आपण पीएच.डी.वाले हे तोंडानं मागू शकत नाही.

का नाही? तर एक म्हणजे कायद्यानं आपण कामगार नाही. १९८८ साली गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की औद्योगिक कलह कायद्याच्या व्याख्येत शिक्षक 'कामगार' बसत नाही. शिकवणं हे उदात्त काम आहे असा त्यातला सूर. आणि दुसरं म्हणजे, ते ऐकून आपल्याला बरं वाटलं! इथं मी आपल्याच लोकांवर घसरणार आहे, तेव्हा सहकाऱ्यांनी रागावू नये. स्टाफरूममध्ये उपाशी राहणं ही एक पदवी आहे. "मी तर सकाळपासून फक्त चहावर आहे" हे वाक्य आपण तक्रार म्हणून म्हणत नाही, बढाई म्हणून म्हणतो. समोरचा लगेच म्हणतो, "मी तर तोही घेतला नाही." जो वेळेवर डबा उघडतो त्याच्याकडे आपण कामचुकार असल्यासारखं बघतो. एक सर बरोबर एक वाजता हात धुवायला उठायचे. त्यांना आम्ही सगळे हसायचो, मीही. ते साठीला धडधाकट निवृत्त झाले आणि हसणाऱ्यांतल्या निम्म्यांना आम्लपित्त आहे.

बायकांचं तर विचारूच नका. आमच्याकडच्या बाया दुपारी पाणी पीत नाहीत. का, तर स्वच्छतागृह दोन मजले खाली, त्याला कडी नाही आणि मध्ये फक्त पाच मिनिटं. मग सकाळी घरून निघताना घोटभर, आणि थेट संध्याकाळी. वर सलग तीन तास घसा फोडून शिकवायचं, ते कोरड्या घशानं. लघवीची जळजळ, ताप, कोर्स, परत जळजळ, हे मला स्वतःला दोन वर्षांत तीनदा झालंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाणी प्या हो." मी हो म्हणाले. त्यांना टाइमटेबल काय दाखवणार. कार्यशाळेत 'दिवसाला आठ ग्लास' अशी पाटी होती. मी हात वर करून विचारणार होते, की ग्लासांचं ठीक आहे, कडीचं काय? विचारलं नाही. प्राचार्य पहिल्या रांगेत होते. म्हणजे बघा, मी किती शूर.

आणि डबा बनवतं कोण? पुरुष सहकाऱ्यांचे डबे आपोआप बनतात. माझा मी बनवते, नवऱ्याचा बनवते, लेकाचा बनवते, आणि तिघांत माझाच न खाल्लेला परत येतो. सासूबाई डबा हातात घेऊन वजनावरून ओळखतात. काही बोलत नाहीत, ओट्यावर ठेवतात फक्त. त्या आवाजाची मला भीती वाटते. :-)

असो. हसण्यावारी नेण्यासारखं हे नाही, ते भूगोलाच्या सरांमुळे कळलं.

ते मधुमेहाच्या गोळ्या घेतात. त्यांच्या गोळीचं असं आहे, की गोळी घेतली आणि वेळेवर खाल्लं नाही तर साखर एकदम खाली येते. मार्चमध्ये त्यांना परीक्षेचं सुपरव्हिजन होतं, अकरा ते दोन. आधी साडेनऊपासून स्ट्राँगरूमची ड्यूटी. रिलिव्हर यायचा होता, तो दुसऱ्या ब्लॉकला पळवला. पाऊणच्या सुमाराला सर पुरवणी वाटता वाटता बेंचला धरून उभे राहिले. घाम, हात थरथरतायत, पुरवणीवर सही करायची तर पेन टेकेना. वर्गात चाळीस पोरं माना खाली घालून लिहितायत. दुसऱ्या बेंचवरच्या एका मुलीनं वर बघितलं. तिच्या आजीला हाच आजार, तिनं घरी पाहिलेलं. ती उठली, कंपासमधून पेपरमिंटच्या चार गोळ्या काढल्या आणि म्हणाली, "सर, आधी हे तोंडात टाका, मग बोला." खाली बसवलं, दारात जाऊन शिपाई मामांना हाक मारली, आणि परत येऊन पेपर लिहायला लागली.

तिची दहा मिनिटं गेली. ती वाढवून द्यावीत म्हणून सरांनीच नंतर अर्ज केला. नियमात बसत नाही असं उत्तर आलं.

हे घडलं त्यानंतर दोन महिन्यांनी आम्हाला बेदाणा मिळाला. सर हॉलमध्ये माझ्या मागेच बसले होते. त्यांनी तो लगेच खाऊन टाकला, सूचनेची वाट न बघता. वक्त्यांना ते आवडलं नसावं.

तर त्या संध्याकाळी आंबलेली उसळ टाकून दिली आणि मी अर्ज लिहायला बसले. तीन कलमं. एक, साडेबारा ते दोनच्या मध्ये प्रत्येक शिक्षकाला सलग अर्धा तास मोकळा मिळेल असं टाइमटेबल करावं. सगळ्यांना एकाच वेळी नको, पाळीपाळीनं चालेल. दोन, त्या वेळेत सभा, कार्यशाळा, फोटो काही ठेवू नये. तीन, दोन तासांपेक्षा जास्त सुपरव्हिजन असेल तर रिलिव्हर दिल्याशिवाय पेपर सुरू करू नये. मोठ्या हौसेनं दुसऱ्या दिवशी सह्यांना फिरवला.

आणि तिथं माझी जिरली.

आमच्या विभागात तासिका तत्त्वावर एक मुलगी आहे. आहे म्हणजे गेली सहा वर्षं 'आहे', दर वर्षी नव्यानं मुलाखत, नव्यानं नेमणूक. सेट पास, पीएच.डी. चालू. सकाळी आमच्याकडे, दुपारी तीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या कॉलेजात. तिनं अर्ज शांतपणे वाचला आणि म्हणाली, "मॅडम, मला तासाचे पैसे मिळतात. जेवायच्या अर्ध्या तासाचे नाही मिळत. तुमची सुट्टी मध्ये घातली की माझा शेवटचा तास अर्धा तास पुढे जाणार. एक दहाची एसटी चुकली की पुढची सव्वादोनला. तिकडचा एक तास बुडला."

मी म्हटलं, "मग तू जेवतेस कधी?"

"एसटीत. खिडकी मिळाली तर."

मला खरंच उत्तर सुचलं नाही. मी लोखंडे, १८९१ चा कायदा असं सगळं डोक्यात घेऊन फिरत होते आणि माझ्याच प्रिपरेशन रूममध्ये, जिथं 'प्रयोगशाळेत खाऊ-पिऊ नये' ही पाटी मीच लावलीय, तिथं ॲसिडच्या बाटल्यांना पाठ करून ही मुलगी कधी कधी दोन घास खाते, ते मला माहीत होतं आणि मी बघून न बघितल्यासारखं करत होते. काका, तो सातवा वेतन आयोग इथं येत नाही. आम्ही कायमचे लोक न जेवण्याची बढाई मारतो. तिच्याकडे बढाई मारायलाही वेळ नाही, कारण तिच्या वेळेला भाव लावलाय आणि त्या भावात भूक धरलेली नाही.

कुणी म्हणेल, मग आता अर्ज मागे घे. मी दोन दिवस तसाच विचार करत होते. शेवटी ठरवलं की नाही घ्यायचा, पण बदलायचा. जी सुट्टी कायम माणसाला मिळते आणि तासावाल्या माणसाच्या पोटातून कापून घेते तिला मी मधली सुट्टी म्हणणार नाही. तिला शेजारी बसवलं आणि म्हटलं, चौथं कलम तू सांग. तिनं सांगितलं : तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांचे तास सलग लावावेत आणि त्यांच्या जाण्यायेण्याच्या वेळा धरूनच टाइमटेबल करावं, आणि सलग तीन तासांनंतरचा विश्रांतीचा वेळ हा कामाचा वेळ म्हणून मोजावा. शेवटची ओळ मंजूर होणार नाही हे तिलाही माहीत आहे, मलाही. मानधनाचे दर मंत्रालयात ठरतात, आमच्या प्राचार्यांच्या टेबलावर नाही. तरी राहू दे म्हणाली. वाचतील तरी.

प्राचार्यांना आधी तोंडी सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, लेखी कशाला, आपण बसून बघू ना." मी म्हटलं, "सर, बसून बघायला मोकळी वेळ कुठली?" ते हसले. माणूस वाईट नाही. त्यांचा स्वतःचा डबाही चारला उघडतो, मी पाहिलाय.

अर्ज सोमवारी आवक होतोय. सध्या अकरा सह्या आहेत. भूगोलाच्या सरांची पहिली, मराठीच्या मॅडमची दुसरी. एका ज्येष्ठ सरांनी "तत्त्वतः पाठिंबा" दिला आणि पेन सापडत नाही म्हणाले, मी दिलं तर चष्मा सापडेना. आत्या, तू विचारशील की मुलाखतीला अडचण तर येणार नाही ना, तर मी कायम आहे, मला काही होत नाही. त्या मुलीनं चौथं कलम स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं, मी ते माझ्या अक्षरात उतरवून घेतलं. सही मात्र तिनं केलेली नाही. जूनमध्ये तिची मुलाखत आहे.